दोन चाकांचा तंटा : पेकरच्या वाफगाडीपासून चिमुकल्या ट्रकपर्यंत डिफरन्शियलचा प्रवास

१/ रेडिओने चालणारा एक छोटा ट्रक. खऱ्या ट्रकच्या अठराव्या हिश्श्याएवढा, दोन तळहातांवर मावणारा. मालकाने महिनोन्महिने पैसे साठवून त्यात प्लॅस्टिकच्या जागी पोलादी डिफरन्शियल बसवले. अंगणात नेऊन वेग देताच मागून 'कट् कट् कट्' असा आवाज आला आणि ट्रक जागच्या जागी थरथरू लागला. भाग नवा, महाग, आधीच्यापेक्षा मजबूत. मग बिघडले काय? हा प्रश्न नीट सोडवायचा तर दोनशे वर्षे मागे, पॅरिसच्या एका कार्यशाळेपर्यंत जावे लागते.

२/ मूळ अडचण चाकाएवढीच जुनी आहे. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, आतल्याला कमी. बैलगाडीला याचा त्रास कधी झाला नाही, कारण तिची चाके आसावर सुटी फिरतात. ओढणारे बैल पुढे. चाकाने फक्त भार वाहायचा. एक चाक दहा फेरे फिरले आणि दुसरे आठ, तर कोणाचेच बिघडत नाही.

३/ हा फरक किती? येथे गणित मोठे गमतीचे आहे. दोन चाकांमधले अंतर दीड मीटर असेल, तर एका पूर्ण वर्तुळात बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ९.४ मीटर अधिक चालते. वर्तुळ दहा मीटरचे असो वा दहा किलोमीटरचे, फरक तेवढाच. चाकांमधले अंतर गुणिले ६.२८, एवढाच हिशेब. आपल्या छोट्या ट्रकची चाके १५ सेंटिमीटर अंतरावर धरली तर फरक ९४ सेंटिमीटर येतो. चाकाचा व्यास साडेपाच सेंटिमीटर असेल, तर प्रत्येक गोल चकरेत बाहेरचे चाक साडेपाच फेरे जास्त घेते.

४/ आगगाडीने हा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवला. तिची दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असतात. पण त्यांची कड किंचित निमुळती असते. वळणावर जोडी थोडी बाहेर सरकते, बाहेरचे चाक मोठ्या व्यासावर चालते, आतले लहान व्यासावर. रूळ असल्यामुळे ही युक्ती चालते. रस्त्यावर रूळ नाहीत.

५/ खरा पेच पडला तो चाकांनीच गाडी ढकलायची असे ठरले तेव्हा. वाफेचे यंत्र मागच्या आसाला फिरवणार आणि दोन्ही चाके त्या आसाला जखडलेली. मग वळणावर एक चाक घासत गेलेच पाहिजे. जड गाडीत याचा अर्थ तुटलेला आस किंवा वळायलाच नकार देणारी गाडी. दुसरा मार्ग म्हणजे एकाच चाकाला शक्ती द्यायची. मग गाडी सरळ रस्त्यावरही एका अंगाला ओढ घेते.

६/ पॅरिसच्या 'कॉन्झर्व्हातॉर दे आर ए मेतिए' या संस्थेच्या कार्यशाळेत ओनेसिफोर पेकर (१७९२–१८५२) काम करीत असे. पेशाने घड्याळजी. १८२७-२८ च्या सुमारास त्याने वाफेच्या रस्तागाडीसाठी घेतलेल्या पेटंटात आसाचे दोन तुकडे केले आणि त्यांच्या मध्ये दंतचक्रांची एक लहानशी रचना बसवली. इंजिन त्या रचनेला फिरवते आणि रचना दोन्ही अर्ध्या आसांना. आजच्या मोटारीतले डिफरन्शियल तत्त्वतः हेच.

७/ ही रचना समजून घ्यायला बैलांचे जू पुरेसे आहे. जुवाच्या मध्याला गाडीचे दांडे बांधलेले असतात आणि दोन टोकांना दोन बैल. एक बैल पुढे गेला की जू तिरके होते, पण मध्यबिंदूपासून दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे दोघांवर पडणारा ताण सारखाच राहतो. चाल वेगळी, ओढ समान. जू थोडेसेच तिरके होऊ शकते. पेकरने दंतचक्रे वापरून असे जू बनवले, जे कितीही तिरके झाले तरी अडत नाही.

८/ त्या लहान चक्रांना आपल्याकडचे मिस्त्री 'स्टार' म्हणतात आणि बाहेरच्या मोठ्या चक्राला 'क्राऊन'. गाडी सरळ जाते तेव्हा स्टार स्वतःभोवती फिरत नाहीत. क्राऊनबरोबर नुसते वाहून नेले जातात. वळण आले की ते स्वतःभोवती फिरू लागतात आणि एका चाकाचा जेवढा वेग कमी होतो तेवढा दुसऱ्याला देतात. दोन्ही चाकांच्या वेगांची सरासरी म्हणजे क्राऊनचा वेग. हे सूत्र पुढे कामाला येणार आहे.

९/ येथेच या यंत्राचा गुण आणि दोष एकत्र नांदतात. दोन्ही चाकांना बळ समान मिळते. मग एक चाक चिखलात आणि दुसरे कोरड्या खडीवर असेल तर? चिखलातल्या चाकाला जेमतेम बळ पेलते, त्यापुढे ते गरगर फिरते. वाटणी समान असल्यामुळे खडीवरच्या चाकालाही तेवढेच जेमतेम बळ मिळते. गाडी जागची हलत नाही. दुबळ्या चाकाने धडधाकट चाकालाही आपल्या पातळीवर आणून ठेवले. डिफरन्शियलमधल्या बहुतेक 'सुधारणा' या एका दोषाशी चाललेल्या वाटाघाटी आहेत.

१०/ पेकरच पहिला होता का? इतिहासाच्या चाहत्यांना येथे दोन जुने दावेदार आठवतील. तिसऱ्या शतकात चीनच्या वेई राज्यातील मा च्युन याने 'दक्षिण दाखवणारा रथ' बनवला. रथ कुठेही वळो, वरच्या पुतळ्याचा हात दक्षिणेकडेच. ब्रिटिश अभियंता जॉर्ज लँचेस्टरने १९४७ साली असे सुचवले की त्यात डिफरन्शियल असावे. प्रतिकृती सुंदर चालते. पण प्रतिकृती चालते म्हणून मूळ रथ तसाच होता असे ठरत नाही. सुंग काळातील येन सू याच्या १०२७ सालच्या रथाचे जे वर्णन उरले आहे, त्यात वळणावर जुळणारी आणि सुटणारी चक्रे आहेत, डिफरन्शियल नाही.

११/ दुसरा दावेदार ग्रीसचा. १९०१ मध्ये अँटिकिथेरा बेटाजवळच्या बुडालेल्या जहाजातून कांस्याच्या दंतचक्रांचे एक गंजलेले यंत्र वर आले. डेरेक डी सोला प्राइस यांनी १९७४ साली त्यात डिफरन्शियल असल्याचे मांडले आणि ते पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. पुढे मायकेल राइट आणि इतरांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने यंत्र पुन्हा तपासले आणि प्राइस यांनी जेथे डिफरन्शियल पाहिले होते तेथे ते नव्हते असे दाखवले. मात्र चंद्रकला दाखवणाऱ्या भागात सूर्य आणि चंद्र यांच्या गतींची वजाबाकी करण्याची सोय होती, हेही राइट यांनीच पुढे आणले. दोन गतींची वजाबाकी करण्याची कल्पना प्राचीनच म्हणायची. चाकांमध्ये बळ वाटण्याची कल्पना मात्र फार पुढची.

१२/ घड्याळजी मंडळींना ही वजाबाकी ठाऊक होती. सूर्यघड्याळ आणि यांत्रिक घड्याळ यांच्यात वर्षभरात कधी कधी १६ मिनिटांपर्यंत फरक पडतो. लंडनच्या जोसेफ विल्यमसनने १७२० च्या सुमारास हा फरक आपोआप मिळवणारे घड्याळ डिफरन्शियल वापरून बनवले. पेकरही घड्याळजी होता, हे ध्यानात घेतले की वाफगाडीत ही रचना अचानक कोठून आली याचे आश्चर्य उरत नाही.

१३/ इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्‌सने १८३२ मध्ये रस्त्यावरच्या वाफगाडीसाठी अशाच रचनेचे पेटंट घेतले. हा तोच रॉबर्ट्‌स, ज्याने सूत कातणारा स्वयंचलित 'म्यूल' घडवला. त्या जातीची यंत्रे पुढे मुंबईच्या गिरण्यांतही फिरली. पण रस्त्यावरच्या वाफगाडीला त्या काळी भवितव्य नव्हते. कल्पना तीस-चाळीस वर्षे जवळजवळ पडून राहिली. १८७४ च्या सुमारास रॉचेस्टरच्या एव्हलिंग अँड पोर्टर कंपनीच्या सूचिपत्रात मागच्या आसावर डिफरन्शियल असलेले वाफेचे यंत्र दिसते.

१४/ आणि मग कथेत येते सायकल. कॉव्हेंट्रीचा जेम्स स्टार्ली शिवणयंत्रांच्या धंद्यातून सायकलीकडे वळलेला. १८७७ च्या सुमारास तो आणि त्याचा मुलगा विल्यम शेजारीशेजारी बसायच्या एका सायकलगाडीवरून निघाले. प्रत्येकाचे पायडल स्वतःच्या बाजूचे चाक फिरवी. मुलगा तरणाबांड, बाप दमलेला. गाडी एका अंगाला वळली आणि दोघे खाजकुयलीसारख्या झोंबणाऱ्या झुडपांत जाऊन पडले, अशी कथा सांगितली जाते. अंग चोळत बसलेल्या स्टार्लीला तेथेच उपाय सुचला म्हणे. कथेत मीठमसाला असेल, पण त्यातला यांत्रिक पेच अस्सल आहे : दोन चाके, दोन असमान बळे, गाडी वाकडी.

१५/ स्टार्लीने दोघांचे बळ एकत्र करून ते डिफरन्शियलमार्फत दोन्ही चाकांत वाटले. त्याच्या 'साल्व्हो' या तीनचाकीने नाव काढले. १८८१ साली राणी व्हिक्टोरियाने दोन साल्व्हो मागवल्या आणि गाडीला 'रॉयल' हे बिरुद जोडले गेले. त्याच वर्षी स्टार्ली वारला. कॉव्हेंट्रीत त्याचे स्मारक आहे. पेकरचे नाव मात्र मोटार दुरुस्त करणाऱ्यांनाही क्वचितच ठाऊक असते. शोध लावणाऱ्यापेक्षा तो लोकांच्या पायांखाली नेऊन ठेवणारा अधिक आठवला जातो, याचे हे एक ठळक उदाहरण.

१६/ सायकलीपासून मोटार एकाच पावलावर होती. २९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल बेंझने ज्या तीनचाकी मोटारीसाठी पेटंट अर्ज केला, तिच्यात डिफरन्शियल आहे. तेथून दोन बाजूंना दोन साखळ्या मागच्या चाकांकडे जातात. १८८८ मध्ये बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला निघाली तेव्हा वाटेत साखळीसाठी लोहाराची मदत घ्यावी लागली. रस्त्यात बिघाड शोधून तो तेथेच निस्तरायचा, ही परंपरा मोटारीएवढीच जुनी आहे.

१७/ नवव्या पोस्टमधला दोष यानंतर पन्नास वर्षे लोकांनी सोसला. रस्ते सुधारत होते, इंजिने मवाळ होती. १९३० च्या दशकात फेर्डिनांड पोर्शेच्या कार्यालयाने ऑटो युनियनसाठी १६ सिलिंडरची शर्यतगाडी आखली आणि सारा समतोल ढळला. वळणातून बाहेर पडताना आतले, हलके झालेले चाक ताशी १६० किलोमीटरच्या वेगालाही नुसते फिरत राही. १९३५ मध्ये पोर्शेने जर्मनीच्या झेडएफ कंपनीकडून यावर उतारा मागवला : दोन चाकांच्या वेगात फरक पडू द्यायचा, पण मर्यादेतच. 'लिमिटेड स्लिप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घराण्याचा उदय असा झाला. पन्नाशीच्या दशकात पॅकार्ड आणि स्टुडबेकर यांनी ते अमेरिकेच्या रोजच्या मोटारीत आणले, तर १९५८ मध्ये व्हर्नन ग्लीझमन यांना मळसूत्री चक्रांवर चालणाऱ्या रचनेचे पेटंट मिळाले. पुढे ती 'टॉर्सन' म्हणून प्रसिद्ध झाली.

१८/ आता खेळण्यांकडे. 'खेळणी' हा शब्द येथे थोडा अन्यायाचा आहे. १९७६ साली जपानच्या तामिया कंपनीने १/१२ मापाची रेडिओवर चालणारी पोर्शे ९३४ विक्रीस आणली आणि हा छंद घराघरांत शिरला. १९८० च्या दशकात तिचे ट्रक आले. त्यांतला १९८७ चा 'क्लॉड बस्टर' आजही पूजला जातो : पुढच्या आसाला एक मोटर, मागच्या आसाला दुसरी, आणि प्रत्येक आसात स्वतंत्र डिफरन्शियल. त्याच्या मालकांनी सर्वांत आधी काय केले असेल, तर ती डिफरन्शियले जखडून टाकली. त्याकडे शेवटी येऊ.

१९/ छोट्या गाड्यांच्या जगाने मोठ्या गाड्यांकडून पुष्कळ घेतले, पण एक रचना तेथेच वाढली. सेसिल शूमाकर हा इंग्रज अभियंता कॉसवर्थ या शर्यत-इंजिनांच्या कंपनीत ट्रान्समिशनचे काम करी. १९८० च्या सुमारास त्याने आपल्या १/१२ मापाच्या गाडीसाठी दातेच नसलेले डिफरन्शियल बनवले. मोठ्या चक्राच्या भोकांत पोलादी छर्रे. दोन्ही बाजूंनी दोन गुळगुळीत चकत्या. एक स्क्रू आणि स्प्रिंग त्या चकत्यांना छर्ऱ्यांवर दाबून धरतात. दात्यांचे काम घर्षण करते. वजन नगण्य, चाल लोण्यासारखी, आणि स्क्रू पिळून घट्टपणा हवा तसा ठेवता येतो. हे बॉल डिफरन्शियल. पेकरचे तत्त्व तेच. स्टारच्या जागी छर्रे आले.

२०/ पण घर्षणावर चालणाऱ्या यंत्राला घर्षण सुटले की मरण. स्क्रू सैल राहिला तर चकत्या छर्ऱ्यांवरून घसरतात, चिरका आवाज येतो, क्षणात उष्णता वाढते, चकतीवर खाचा पडतात आणि छर्रे धरणारे प्लॅस्टिक वितळते. फार घट्ट झाला तर छर्रे चकतीत रुतून वाट करतात आणि फिरवताना हाताला कचकच लागते. जाणकार त्याची परीक्षा अशी घेतात : मोटरकडचे मोठे चक्र एका हाताने धरायचे, एक चाकही धरायचे आणि दुसरे चाक फिरवू पाहायचे. ते फिरले, तर आत घसरण चालू आहे. चक्र आणि एक चाक स्थिर असता दुसऱ्याला फिरायला जागाच नसते. आठव्या पोस्टमधले सूत्र हेच सांगते.

२१/ आणखी एक बारकावा अनेकांना महागात पडतो. त्याच स्क्रूच्या टोकाशी एक चिमुकले थ्रस्ट बेअरिंग असते, त्यात बारीक छर्रे. मोठ्या छर्ऱ्यांना स्वच्छ सिलिकॉन ग्रीस लागते, त्याच्यात घर्षण टिकते. बेअरिंगला काळे मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस लागते, त्याच्यात घर्षण मरते. दोन्हींची अदलाबदल झाली की महागडे डिफरन्शियल पहिल्याच बॅटरीत संपते. बोटाला लागलेले काळे ग्रीस चुकून चकतीला पुसले गेले तरी पुरते.

२२/ म्हणून अनेक जण दात्यांच्या डिफरन्शियलकडे वळतात आणि प्लॅस्टिक काढून पोलाद बसवतात. येथे गॅलिलिओची आठवण होणे भाग आहे. १६३८ च्या आपल्या ग्रंथात त्याने दाखवले की वस्तूचे माप घटते तसे तिचे वजन मापाच्या घनाने घटते, ताकद मात्र वर्गाने. दोन टनांचा ट्रक सर्व बाजूंनी १८ पट लहान केला तर त्याचे वजन सुमारे ३४३ ग्रॅम भरेल. त्या मानाने त्याचे दाते मोठ्या ट्रकच्या दात्यांपेक्षा कितीतरी बळकट ठरायला हवेत. मग ते तुटतात का?

२३/ कारण माप लहान केले, हौस लहान केली नाही. असा ट्रक ब्रशलेस मोटर लावून ताशी ५० किलोमीटरने पळवला जातो. प्रमाण लावले तर ते ताशी ९०० किलोमीटर होतात. चाके मिनिटाला जवळजवळ ४,८०० फेरे घेतात. एक चाक अडले की सरासरीच्या नियमाने दुसरे दुप्पट, म्हणजे ९,६०० फेरे घेऊ लागते आणि आतले स्टार आपल्या खिळीवर पेटल्यासारखे फिरतात. उडी मारलेला ट्रक हवेत असताना चाके मोकळी पळतात. जमिनीला टेकताच ती झटक्यात मंदावतात. तो सगळा हिसका चार-सहा दात्यांवर येतो.

२४/ आता पहिल्या पोस्टमधला 'कट् कट्'. पोलादी क्राऊन आणि पोलादी पिनियन बसवले, पण ज्या खोक्यात ते बसतात ते अजून प्लॅस्टिकचे. जोर येताच दोन्ही चक्रे एकमेकांना दूर ढकलतात, खोके किंचित फाकते, दाते नुसत्या टोकांवर पकडतात आणि एकमेकांवरून उडी मारतात. पूर्वी प्लॅस्टिकचा दाता वाकून हे सोसत होता. पोलाद वाकत नाही, म्हणून आवाज करते. दोष नव्या भागात शोधला तर सापडणार नाही. क्राऊनच्या मागे कागदाएवढ्या जाडीची एक-दोन शिम घालून ते पिनियनकडे सरकवायचे, झिजलेली बेअरिंगे बदलायची, आणि खोक्याचे स्क्रू खरोखर पकडतात का ते पाहायचे. शिम जास्त झाली तर चक्रे जड फिरतात. सर्व फेऱ्यात कोठेही न अडता, पण जेमतेम फट ठेवून फिरली की जमले.

२५/ आवाज नाही, पण ट्रक हलतच नाही आणि मोटर तापते, अशी दुसरी तक्रार चारही चाकांना शक्ती देणाऱ्या ट्रकवर येते. बहुधा डिफरन्शियल उलटे बसलेले असते. क्राऊन पिनियनच्या डावीकडे असायचे ते उजवीकडे गेले की तो आस उलट फिरतो. पुढची चाके पुढे, मागची मागे. ट्रक उचलून हलका वेग दिला की हे डोळ्यांना दिसते. चूक एवढी साधी आहे की अनुभवी लोकही करतात आणि मग कोणाला सांगत नाहीत.

२६/ तिसरी सुधारणा तेलाची. दात्यांच्या बंद डबीत दाट सिलिकॉन तेल भरले की स्टारना फिरताना अडथळा होतो आणि चिखलातल्या चाकाची पळापळ मंदावते. सिलिकॉनची द्रव्ये बाजारात आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, विमानांच्या विद्युत यंत्रणेला ओलाव्यापासून जपण्यासाठी. उष्णतेने त्यांचा दाटपणा इतर तेलांइतका बदलत नाही, म्हणून ती येथे उपयोगी पडली. बाटलीवरचे आकडे मात्र जपून वाचावे लागतात. काही कंपन्या 'वेट' लिहितात, काही 'सेंटिस्टोक', आणि दोन्हींवरचा एकच आकडा एकच दाटपणा दाखवत नाही. डबी काठोकाठ भरली तर तापलेले तेल फुगून ओ-रिंगमधून बाहेर येते. मग चार दिवसांनी ट्रक पूर्वीसारखाच एका चाकावर गरगरू लागतो आणि दोष तेलाला दिला जातो.

२७/ या सगळ्यात एक धागा आहे. पोर्शेच्या शर्यतगाडीपासून अंगणातल्या ट्रकपर्यंत ज्याने ज्याने डिफरन्शियल बळकट केले, त्याने तुटण्याची जागा पुढे सरकवली. पोलादी स्टार बसवले की चाकाकडे जाणारे दांडे वाकतात. दांडे पोलादी केले की चाकाचा षट्कोनी डोळा घासून गोल होतो. तोही बदलला तर खोके तडकते. म्हणून जुने खेळाडू मोटरजवळच्या स्लिपर क्लचला फार जपतात. हिसका आला की त्याने घसरायचे आणि मागच्या सगळ्यांना वाचवायचे. तो घट्ट पिळून ठेवला, तर महागातले महाग डिफरन्शियलही पहिल्या उडीचे गिऱ्हाईक.

२८/ बिघाड शोधताना म्हणूनच आधी हे विचारावे लागते : नवा भाग आल्यावर साखळीतला सर्वांत नाजूक दुवा आता कोणता? ट्रक उचलून एक चाक हाताने फिरवले आणि दुसरे उलट दिशेने फिरले, तर डिफरन्शियल जिवंत आहे. दुसरे हललेच नाही, तर एखादा दांडा किंवा खीळ सुटली असण्याचा संभव मोठा. दोन्ही एकाच दिशेला फिरली आणि मोटरही ओढली गेली, तर आत काहीतरी जाम झाले आहे किंवा आधीच्या मालकाने ते मुद्दाम जखडले आहे.

२९/ मुद्दाम? होय, आणि येथे क्लॉड बस्टरकडे परत यावे लागते. खडकांवरून मुंगीच्या गतीने चढणाऱ्या ट्रकला वळणाची सफाई नको असते. एक चाक अधांतरी असताना दुसऱ्याला पूर्ण बळ हवे असते. म्हणून डबी उघडून स्टारच्या दात्यांत इपॉक्सी किंवा वितळवलेला गोंद भरतात. चिखलातल्या चाकाचा दोष मुळासकट जातो. त्याबरोबर डिफरन्शियलही जाते. दोन्ही चाके पुन्हा एका दांड्याला जखडलेली, पेकरच्या आधी होती तशीच.

३०/ आज खडक चढण्यासाठी विकले जाणारे १/२४ मापाचे अनेक चिमुकले ट्रक कारखान्यातूनच असे येतात, आसात डिफरन्शियल न घालता. हातभर लांबीच्या दगडावर ते घोरपडीसारखे चिकटून चढतात. घरात आणून गुळगुळीत फरशीवर गोल फिरवले की मात्र आतले चाक अडखळते, टायर चर्र वाजते आणि ट्रक ठरल्यापेक्षा मोठे वळण घेतो. पेकरच्या आधीच्या वाफगाड्या वळणावर अशाच अडत होत्या.